पडशाचे दिवस, चिनी पुडी आणि आपला काढा

दिवाळी सरली की या सदराची पत्रं नाकात बोलायला लागतात. नाक गळतंय, घसा धरलाय, लेकरू रात्रभर खोकतंय, काय करू? यंदा त्यात एक नवा पाहुणा आलाय: चिनी औषध. पुण्या-हैदराबादला शिकणारी पोरं गावी येताना डबे आणतात, मोबाईलवर कुणीतरी नाकाशेजारी बोट दाबून दाखवतं, आणि मग पत्र येतं, ‘ताई, तुम्ही सुया टोचायचंही शिकलात म्हणे, तुम्हीच सांगा.’ शिकले, हे खरं. नांदेडला आयुर्वेद शिकले, अंबाजोगाईत दवाखाना घातला आणि मग मुंबईला जाऊन अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यासक्रम केला. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा दोन्हीकडचं बोलते.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचा वर्ग. शाळा उघडली की सर्दी सुरू, ती होळीपर्यंत पाठ सोडत नाही. भाच्यानं हैदराबादहून एक चिनी पूड आणलीय. डब्यावर ‘जेड विंडस्क्रीन’ असं काहीसं लिहिलंय. रोज घेतली तर सर्दी फिरकत नाही म्हणतो. घेऊ का?
— एक शिक्षिका, जि. परभणी

उत्तर : बाई, डबा मी पाहिला नाही, पण नावावरून ओळख पटते. ‘यू पिंग फेंग सान’ ते हेच. त्यात तीनच वनस्पती: हुआंगची, बाईझू आणि फांगफेंग. पहिल्या दोन अंगात बळ आणणाऱ्या आणि तिसरी वारा बाहेर काढणारी, असं चिनी वैद्य मानतात. त्यांच्या शास्त्रात सर्दी ही बाहेरच्या वाऱ्याची करणी. अंगाच्या वरवरच्या थरात ‘वेई ची’ नावाची राखणदार शक्ती फिरत असते. ती दुबळी झाली की वारा मानेतून, पाठीतून आत शिरतो, कधी गारवा घेऊन, कधी उष्णता घेऊन. गारव्याच्या सर्दीत थंडी वाजते, अंग मोडून येतं, नाकातून पाणी वाहतं. उष्णतेच्या सर्दीत ताप, लाल घसा, पिवळा शेंबूड. दोन्हींची औषधं वेगळी. आयुर्वेदात सर्दीला प्रतिश्याय म्हणतात. आपल्या वातज, पित्तज, कफज प्रतिश्यायाचीच चुलत भावंडं म्हणा ना.

चौदाव्या शतकातल्या झू दानशी या वैद्याच्या नावाशी हे औषध जोडलं जातं. त्याचा एक नियम मला फार पटतो. ते बरं असताना घ्यायचं आणि नाक वाहायला लागलं की बंद करायचं. चिनी वैद्य सांगतात, चोर घरात शिरलेला असताना दारं लावून घेऊ नका. आपल्याकडंही नव्या पडशात आधी लंघन, हलकं अन्न, आणि बळ देणारं औषध मागाहून. लोक नेमकं उलटं करतात. च्यवनप्राशाचा डबा वर्षभर कपाटात पडून राहतो आणि ताप येऊन जेवण जाईनासं झालं की दोन-दोन चमचे सुरू.

आता ‘सर्दी फिरकत नाही’ या दाव्याबद्दल. या पुडीवर चीनमध्ये चाचण्या झाल्यात, विशेषतः वरचेवर सर्दी-खोकला होणाऱ्या मुलांवर, आणि काहींत फायदाही दिसलाय. घोडं अडतं ते चाचण्यांच्या दर्जापाशी. सर्दी झाल्यावर द्यायच्या चिनी वनौषधींच्या १७ चाचण्या कॉक्रेन या औषधांच्या चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी एकत्र तपासल्या. रुग्ण ३ हजारांवर होते, पण १५ चाचण्यांची पद्धतच अशी की निकाल हवा तिकडं झुकू शकेल. एकाही औषधाची शिफारस त्यांना करता आली नाही. औषध खोटं ठरलं असं मी म्हणत नाही, पण खरंही ठरलेलं नाही, आणि पैसे तुम्ही मोजणार आहात.

जुन्या पोथ्यांतून काही निघतच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. ग हुंग नावाच्या चिनी वैद्यानं चौथ्या शतकात अडीअडचणीला उपयोगी पडतील असे उपाय लिहून ठेवले. त्यात सर्दीच्या सुरुवातीला प्यायचा कांद्याच्या पातीचा पांढरा भाग आणि आंबवलेलं सोयाबीन यांचा काढा आहे. त्याच पोथीत हिवतापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितलीय. उकळायला नाही, पिळायला. तू यूयू या संशोधिकेनं तेवढ्या एका ओळीवरून अर्क काढायची पद्धत बदलली, कमी तापमानावर काढला, आणि आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध हाती आलं. २०१५ चं नोबेल त्याला मिळालं. पण ती ओळ आणि नोबेल यांच्यामध्ये प्रयोगशाळेतली वर्षं आहेत. पातीच्या काढ्याच्या वाट्याला ती अजून आलेली नाहीत.

डब्याबद्दल दोन गोष्टी. संधिवातासाठी किंवा अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हुआंगची नको. ती नेमकी उलट्या दिशेनं ओढते. दुसरं, चिनी नाव म्हणजे निव्वळ झाडपाला असं धरून चालू नका. चीनमध्ये घरोघरी सापडणाऱ्या ‘गानमाओलिंग’च्या पुडीत वनस्पतींबरोबर चक्क पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन आणि कॅफिन असतं. ती घेऊन वर आपली तापाची गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट, आणि तो भार यकृतावर. लेबल वाचता येत नसेल तर डबा फोडूच नका.

आणि खरं सांगू? तुमचं दुखणं डब्यानं सुटण्यातलं नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते, आणि तुमच्यासमोर अशी चाळीस मुलं बसत असतील. ती नाक पुसतात हातानं, त्याच हातानं वही देतात, तुम्ही वही तपासता आणि डोळा चोळता. सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त. त्यातलं सगळ्यात मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं. तो हातावर तासन्‌ तास तग धरतो आणि बोटावरून नाका-डोळ्यात जातो. वह्यांचा गठ्ठा संपला की साबणानं हात धुवा, त्याआधी तोंडाला हात लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा. फळा ओल्या फडक्यानं पुसा. मधल्या सुट्टीत साध्या पाण्यानं गुळण्या करा. जपानमध्ये ३८७ निरोगी माणसांवर हे करून पाहिलं, तेव्हा साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांना सर्दी कमी झाली. आयोडीनच्या औषधी गुळण्यांनी मात्र तसा फायदा दिसला नाही.

चरकानं प्रतिश्यायाची कारणं सांगताना धूळ, धूर, जागरण, गार पाणी, दव, राग आणि फार बोलणं एका दावणीला बांधलंय. तुमच्या वर्गात यातलं दव सोडून सगळं हजर असणार! दिवसातले दोन तास तरी मुलांना लिहायला बसवा आणि स्वतः गप्प राहा. घशाला तेवढा आराम कोणत्याच काढ्यानं मिळत नाही.

प्रश्न : ताई, हरभऱ्याला अन् गव्हाला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची. बारा वाजता मोटार चालू करायची, पहाटपर्यंत दारं धरायची, पाय चिखलात. चार-आठ दिवसाआड पडसं. कारभारीण म्हणती गार वारं लागतंय. पोरगं म्हणतंय वाऱ्यानं काही होत नसतं, विषाणू असतो. दुकानदारानं व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दिल्यात. कोणाचं खरं?
— एक शेतकरी, ता. सोनपेठ

उत्तर : दादा, दोघांचंही खरं आहे, दुकानदाराचंही पाव हिस्सा.

पोराची बाजू आधी. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ १९४६ साली सर्दीवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. पुढची चाळीसेक वर्षं तिथं धडधाकट माणसं स्वखुशीनं येऊन राहायची आणि नाकात विषाणू सोडून घ्यायची. त्यांनी माणसांना भिजवून गार वाऱ्यात उभं करूनही पाहिलं. नुसत्या गारठ्यानं सर्दी वाढली नाही. विषाणूच नसेल तर वारं बिचारं काय करणार!

आता वहिनींची बाजू. २००५ साली वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठानं १८० माणसं घेतली. निम्म्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात, निम्म्यांचे रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या ९० पैकी १३ जणांना पडशाची लक्षणं दिसली, बाकीच्यांत ५ जणांना. संशोधकांचा अंदाज असा की या माणसांच्या नाकात विषाणू आधीच गपचूप बसलेला होता, पाय गारठले तेव्हा नाकातलं रक्त आटलं आणि त्याला रान मोकळं झालं. येल विद्यापीठात उंदरांच्या पेशींवर दिसलंय की ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशापेक्षा ३३ अंशाला जोमानं वाढतो, आणि गार हवेत नाकाचं तापमान तेवढंच उतरतं. म्हणजे बी घरातून आलं, शाळेतून आलं, बाजारातून आलं. उगवलं तुमच्या हरभऱ्याच्या शेतात.

तेव्हा वीस मिनिटं नव्हे, पाच-पाच तास पाय गार पाण्यात ठेवणाऱ्या माणसानं काय करावं? गमबूट घ्या. औषधाच्या बाटल्यांवर जेवढा खर्च झाला असेल त्यात जोडी यावी. आत लोकरीचे मोजे, आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी बरोबर. कान, मान आणि नाक झाकेल असं मफलर बांधा. चिनी वैद्य मानेच्या मागं, कवटीच्या खालच्या दोन खळग्यांना वाऱ्याचं तळं म्हणतात आणि थंडीत ती जागा उघडी ठेवू देत नाहीत. आपले म्हातारे टापशी बांधायचे तीही तिथंच. नाकावर कापड आलं की श्वासाची ऊब नाकातच राहते, यापलीकडं मी काही सांगत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर व्हिटॅमिन सी रोज घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. ढीगभर चाचण्यांचा हा निकाल आहे. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते, मोठ्यांत सुमारे ८ टक्के, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात अर्धा दिवस. पण त्याच चाचण्यांत एक कोपरा वेगळा निघाला. लांब पल्ल्याचे धावपटू, बर्फावर घसरत जाणारे खेळाडू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. रात्री दारं धरणाऱ्यांवर कुणी चाचणी घेतलेली नाही, पण तुम्ही त्या सैनिकांच्या जवळ बसता, माझ्यासारखीच्या नाही. म्हणून दुकानदाराला पाव हिस्सा. मात्र गोळ्यांची गरज नाही. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी असतं, आवळ्यात त्याहून जास्त. बांधावर पेरूचं झाड असलेल्या माणसानं सीची गोळी विकत घेऊ नये.

जागरणाचं मात्र माझ्याकडं औषध नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला १५३ माणसांच्या झोपेची नोंद ठेवून मग त्यांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सोडला. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. काढा, गोळी, सुई, कशाचाच एवढा ठळक आकडा मी पाहिलेला नाही. पाण्याच्या पाळीच्या दिवसांत सकाळी परत आलात की झोपा. ‘दिवसा झोपू नये’ म्हणून घरातली म्हातारी माणसं टोकतील. रात्र उजाडेपर्यंत जागलेल्या माणसाला सकाळी जेवणाआधी थोडी झोप घ्यायची मुभा आयुर्वेदानंच दिलीय, त्यांना सांगा. शेजाऱ्याशी पाळी वाटून घेता आली तर पाहा. शेतीला दिवसा वीज मिळावी हा माझ्या पदवीबाहेरचा इलाज आहे, पण पडशावर तोच सगळ्यात मोठा आहे.

परत आल्यावर काय प्यावं? गंमत पाहा. झांग झोंगजिंग नावाच्या वैद्यानं अठराशे वर्षांपूर्वी गारव्याच्या दुखण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि चिनी बोरं यांचा काढा आहे. काढ्याइतक्याच बारकाईनं त्यानं पुढचं सांगितलंय: काढा घेतल्यावर तांदळाची गरम पातळ पेज प्यावी, पांघरूण घेऊन पडावं, हलका घाम येऊ द्यावा, अंगातून धारा लागू देऊ नयेत, आणि तेलकट, कच्चं, गार खाऊ नये. पिओनी सोडली तर ही सगळी मंडळी तुमच्या स्वयंपाकघरात आणि बांधावर आहेत, थोड्या फरकानं. आलं, दालचिनीचा तुकडा आणि गूळ टाकून पाणी उकळा. पेजेच्या जागी हुलग्याचं माडगं घ्या, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन. कुळीथाचं कढण वात-कफावर आमच्या ग्रंथांतही आहे. सर्दी टळेल अशी हमी मी देत नाही, पण गारठलेलं अंग दहा मिनिटांत ताळ्यावर येतं. बिडी ओढत असाल तर हे सगळं ओढ्यात गेलं म्हणून समजा. धूर चरकाच्या यादीत आहे आणि आजच्या संशोधनातही.

प्रश्न : नातू आठ महिन्यांचा आहे. नाक चोंदलं की दूध पीत नाही. आम्ही मध-सुंठ चाटवतो, नाकात कोमट तेल सोडतो, कापूर-ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवतो. सून अडवती, डॉक्टरला विचारा म्हणती. बिब्ब्याचा चटका द्यावा का, असंही एका बाईनं सांगितलं.
— एक आजी, उदगीर

उत्तर : आजी, सुनेचं ऐका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा नको. मधात क्वचित एका जंतूची बीजं असतात, बाळाच्या कच्च्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांचं विष अंग लुळं पाडतं. नाकात तेल नको, ते फुप्फुसात उतरतं. कापूर नको, तोंडात गेला तर झटके येतात. ओव्याची पुरचुंडी मोठ्यांनी हुंगावी, बाळापासून लांब. आणि चटका? त्यानं फक्त जखम होते. ज्या बाईनं सांगितलं तिला माझा नमस्कार सांगा आणि दारातूनच परत पाठवा.

सलाईनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, पाजण्याआधी दोन-दोन टाका. आईचं दूध थोडं थोडं, पण वरचेवर. चूल बाळाच्या खोलीत नको. ज्याला पडसं झालंय त्यानं बाळाचे मुके घेऊ नयेत. यात तुम्हीही आलात. बाजारातलं सर्दीचं सिरप परस्पर आणू नका. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. बाळ शांत असताना पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ५० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जायला लागली, किंवा बाळानं दूध सोडलं, तर त्याच पावली दवाखाना. सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. एका व्हिडिओत नाकाशेजारचा अन् अंगठ्याजवळचा पॉइंट दाबला की सर्दी होत नाही असं दाखवलंय. खरं आहे का? सुया घेतल्या तर अजून फायदा होईल का?
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : नाकपुडीच्या पंखाला लागून जी खाच आहे तिला चिनी वैद्य ‘यिंगशियांग’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी तर्जनीनं मिनिटभर गोल दाबून बघ. चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं झाल्यासारखं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागातला बिंदू ‘हगू’, तो डोकेदुखीवर वापरतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या हातावर तो दाबू नकोस, परंपरेनं तो वर्ज्य आहे. आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला अंगठाभर, तो ‘झूसानली’. चीन-जपानमध्ये बळ टिकावं म्हणून लोक त्यावर दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचा शेक घेतात. यातल्या कशानं सर्दी होतच नाही, असं मी माझ्या रुग्णांना सांगत नाही, तुलाही सांगणार नाही. दाबायला पैसे पडत नाहीत, तेव्हा दाब. फक्त आधी हात धू. शाळेतून, एसटीतून येऊन त्याच बोटानं नाकाशेजारी मालिश करणं म्हणजे विषाणूला हात धरून घरात आणणं झालं!

सुया सर्दी टाळायला नकोत. दुसऱ्या कशासाठी घ्यायच्या झाल्या तर अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. करणाऱ्याची नोंदणी विचार आणि सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव.

प्रश्न : हात धुवा, हात धुवा म्हणता. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धुवायचे कशानं?
— एक गृहिणी, ता. औसा

उत्तर : रास्त आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या जिल्ह्यातल्या बाईला मी नळ सोडून हात धुवा म्हणणार नाही. एक तांब्या पुरतो. हात ओले करा, पाणी बंद, साबण वीस सेकंद सगळीकडं चोळा, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली. मग पाणी. काम साबण आणि चोळणं करतं, पाणी फक्त ते वाहून नेतं. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून दाराशी टांगली तर आणखी कमी पाण्यात भागतं. खाली घमेलं ठेवा, ते पाणी झाडाला. ज्याला पडसं झालंय त्याचा पंचा, पेला वेगळा ठेवा, आणि तो खोकताना कोपरात खोकेल एवढं बघा.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे. सर्दी होऊ नये म्हणून रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतो. नैसर्गिकच आहे, चालेल ना?
— एक निवृत्त कर्मचारी, अंबड

उत्तर : रोज चालणार नाही, अण्णा. ज्येष्ठमध आमच्याकडंही आहे आणि चिनी काढ्यांत तर जवळजवळ प्रत्येक हंडीत. घशाला गोड, मऊ, छान. पण त्यातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं. घसा खवखवला तर दोन दिवस एखादी काडी चघळा. रोजचा काढा आजपासून बंद, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगा. त्यांनी गोळी वाढवायचा विचार केला असेल तर काढा हे कारण असू शकतं.

चिनी सर्दीच्या औषधात ‘मा हुआंग’ दिसलं तर हातही लावू नका. त्यात इफेड्रिन असतं. नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञानं ते १८८५ साली त्यातूनच वेगळं काढलं. नाक मोकळं करतं खरं, पण छाती धडधडवतं. ही वनस्पती असलेल्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली. चिनी वैद्यसुद्धा ती नाडी पाहून, मोजून, चार दिवसांपुरती देतात. टाळण्यासाठी रोज घ्यायचं ते औषधच नव्हे.

प्रश्न : सर्दी झाली की मेडिकलवरून तीन रंगांच्या गोळ्यांची पुडी आणतो, एका दिवसात फरक पडतो. त्यात अँटिबायोटिक असतं म्हणतात. वाईट आहे का?
— एक दुकानदार, बीड

उत्तर : हो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या दोन गोळ्यांनी. सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. तीन दिवसांवर ताप राहिला, दम लागला, छातीत दुखलं किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर तपासून घ्या आणि मग डॉक्टर देतील ते औषध पूर्ण घ्या.

प्रश्न : आमच्या घरी थंडीत पेरू, सीताफळ, दही सगळं बंद असतं. पेरू खाल्ला की पडसं होतं, असं आई म्हणते. चिनी लोकही थंडीत गार खात नाहीत असं वाचलं. खरंच फळ खाऊन सर्दी होते?
— एक वाचक, नेकनूर

उत्तर : बीडच्या माणसाला सीताफळ बंद करायचं म्हणजे शिक्षाच की. चिनी वैद्य कच्चं, गार अन्न टाळायला सांगतात ते पोटाचा अग्नी मंदावतो म्हणून, आणि आमचंही म्हणणं तेच. पडसं झालेलं असताना, जेवण पचत नसताना रात्रीचं दही टाळा, एवढं मीही सांगते. पण धडधाकट माणसानं भर हंगामात पेरू सोडायचं कारण नाही, सी कुठून मिळतं ते वर लिहिलंच आहे. आईंचा अनुभव खोटा नसेल, कारण पेरूचा हंगाम आणि पडशाचा हंगाम एकच. दुपारच्या उन्हात बसून, धुऊन, मीठ-तिखट लावून खा. मात्र कुणी अर्धा खाऊन पुढं केलेला घेऊ नका. तेवढ्यापुरतं आईंचं म्हणणं बरोबर निघू शकतं.